कागदाच्या विमानाचे गणित

कागदाचे विमान म्हटले की वहीचे पान दुमडून केलेले, वर्गातल्या बाकांवरून भिरभिरणारे विमानच आपल्या डोळ्यांसमोर येते. त्याहून अगदी वेगळ्या विमानांचा एक छंद युरोपात रुजलेला आहे. जाड कागदावर छापलेले शेकडो भाग कापायचे, वळवायचे, चिकटवायचे आणि खऱ्या लढाऊ विमानाची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभी करायची. पोलंड हे या कलेचे माहेरघर. तेथील ‘मावी मोडेलाश’ या नियतकालिकाने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती कात्री आणि गोंद दिला. कम्युनिस्ट राजवटीत परदेशी प्लास्टिकचे संच सहजी मिळत नसत, कागद मात्र स्वस्त होता. पोलिश विमानांचे रूढ प्रमाण १:३३ असते. म्हणजे पंखांचा विस्तार ७.१५ मीटर असलेले मिग-२१ टेबलावर जेमतेम पावणेबावीस सेंटिमीटरचे होते.

या छंदाची सारी गंमत आणि सारी अडचण एकाच गोष्टीत आहे : कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. चणेवाला कागदाची सुरळी करून पाहता पाहता शंकू बनवतो, कागदाला एकही चूण पडत नाही. पण पानाचा द्रोण करायचा तर कोपऱ्यांना दुमड घालून काडी टोचावी लागते, कारण खोलगट आकार दोन दिशांनी वाकलेला असतो. गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय वा फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे जर्मन गणिती गाउस याने १८२७ मध्ये सिद्ध केले होते. तेव्हा कागदी विमानाचा आराखडा करणे म्हणजे त्या विमानाचे वृत्तचिती, शंकूछेद आणि सपाट तुकडे यांत विभाजन करणे होय. दहावीच्या भूमितीत शंकूछेदाचे पृष्ठफळ काढताना ज्यांनी नाक मुरडले असेल, त्यांना ते येथे पुन्हा भेटते. तळाची त्रिज्या एक सेंटिमीटर आणि तिरकस उंची चार सेंटिमीटर असलेला शंकू उलगडला, तर ९० अंशांची पाकळी मिळते.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यालाही हाच नियम लागू आहे. एका दिशेने वाकवायचा पत्रा रुळांतून सहज निघतो. दोन्ही दिशांनी वाकवायचा तर तो साच्यात दाबावा किंवा ठोकून ताणावा लागतो, आणि त्यासाठी वेळ, पैसा व कसबी हात लागतात. म्हणूनच कागदी प्रतिकृती करताना जो भाग आपल्याला छळतो, तोच बहुधा कारखान्यालाही महाग पडलेला असतो. १९३६ मध्ये प्रथम उडालेल्या ब्रिटिश स्पिटफायरचेच पाहा. त्याचे लंबवर्तुळाकार पंख देखणे खरे, पण त्यांच्यामुळे उत्पादन अवघड व संथ झाले. कागदात या पंखांच्या कडा आणि पंख धडाला मिळतो तेथील खोलगट सांधा बारीक चिरा देऊनच साधावा लागतो. उलट टोकाला अमेरिकेचे एफ-११७. १९७०च्या दशकातील संगणकांना रडारच्या लहरी सपाट पृष्ठांवरून कशा परततील एवढेच हिशेबात धरता येत होते, म्हणून ते विमानच सपाट पैलूंचे झाले. आपल्या आकाशकंदिलासारखेच! कागदासाठी याहून सोयीचे विमान नाही.

मिग-२१ या दोहोंच्या मधले. धड जवळजवळ नळकांड्यासारखे, नाकात शंकू, पंख त्रिकोणी. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिलेल्या या विमानाची बांधणी नाशिकजवळ ओझरलाही झाली, त्यामुळे मराठी वाचकाला ते परके नाही. पण सोपे वाटणारे हे विमान अचूकतेच्या बाबतीत चकवते. ‘टाइप ७७’पासून ‘बायसन’पर्यंत त्याच्या अनेक आवृत्त्या आपल्याकडे उडाल्या. वैमानिकाच्या कक्षामागील पाठीचा उंचवटा आवृत्तीगणिक बदलत गेला. एका आवृत्तीचे रेखाचित्र आणि दुसरीचे छायाचित्र घेऊन काम केले, तर कधीही न उडालेले विमान तयार होते. लांबीही अशीच फसवी आहे. नाकापुढची हवेचा वेग मोजणारी लांब दांडी धरली की नाही, यावर आकडा सुमारे मीटरभराने बदलतो. प्रतिकृतीत तो फरक तीन सेंटिमीटरचा होतो. छापील रेखाचित्रांतल्या चुका एकमेकांकडून उतरवल्या जातात, म्हणून जाणकार आराखडाकार रेखाचित्रापेक्षा ज्ञात मोजमाप आणि लांबून घेतलेले बाजूचे छायाचित्र यांवर अधिक विसंबतो.

त्यानंतर येतो कागदाच्या जाडीचा हिशेब. नेहमीचा १६० ग्रॅमचा कागद सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतो. हे किरकोळ वाटते. परंतु धडाच्या आत बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या चकतीचा परीघ मोजून नेमकी तेवढीच पट्टी कापली, तर ती वेढताना सुमारे ०.६ मिलिमीटर कमी पडते. खऱ्या विमानाच्या पोटावर ही फट दोन सेंटिमीटरची झाली! चकती तितक्या प्रमाणात लहान काढणे हाच त्यावर उपाय. शिवाय कागदाला धाग्यांची दिशा असते. नळीची लांबी त्या दिशेला समांतर ठेवली तर कागद सुरेख वळतो, आडवी ठेवली तर मोडतो.

‘पेपाकुरा’सारख्या जपानी संगणक प्रणालीने त्रिमितीय आकृती आपोआप उलगडता येते. सोय मोठी, पण अशा वेळी गोलसर भागाचे अनेकदा शेकडो त्रिकोण होतात आणि विमान घडवंचीवर ठेवलेल्या हिऱ्यासारखे दिसू लागते. सांधे खऱ्या विमानात जेथे पत्र्याचे जोड असतात तेथेच घेण्याचा निर्णय मात्र माणसालाच करावा लागतो. पृष्ठभागावर छापलेल्या रिव्हेटच्या ओळी पाहून पुष्कळांचे समाधान होते, पण त्या चुकीच्या आकारावरही तितक्याच सुबकपणे छापता येतात. म्हणूनच अनुभवी आराखडाकार पहिली प्रतिकृती कोऱ्या पांढऱ्या कागदाची करतो. नाकाचा शंकू तिरका बसला आहे का, दोन नळ्यांच्या सांध्यावर पायरी आली आहे का, पंख सारख्या उंचीवर आहेत का, हे तो उजेडात फिरवून पाहतो, पेन्सिलने खुणा करतो आणि आकृत्या सुधारतो. रंग, रिव्हेट आणि हवाई दलाची चिन्हे यांची पाळी त्यानंतर येते.