गिफ्ट : भेट, लग्न आणि विष

शब्दकोश चाळत बसण्याचा मला जुना नाद आहे. रविवारी दुपारी कुणी पत्त्यांचा डाव मांडतो, कुणी ताणून देतो. मी एखाद्या शब्दाचे बोट धरून निघतो आणि तो नेईल तिकडे जातो. असाच एकदा 'गिफ्ट' या इवल्याशा शब्दामागे गेलो आणि भलत्याच मुलखात पोहोचलो.

'गिफ्ट' आता आपल्याकडे कुणाला परका वाटत नाही. वाढदिवसाला मुले भेटवस्तू मागत नाहीत, गिफ्टच मागतात. पण हाच शब्द जर्मनीत एखाद्या बाटलीवर दिसला, तर हात मागे घ्यावा. जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष! इंग्रजीत 'गिफ्टेड' माणूस गुणवान असतो. जर्मनमधला 'गिफ्टिग' पदार्थ मात्र विषारी. गंमत इथेच संपत नाही. स्वीडिशमध्ये हाच शब्द 'यिफ्ट' असा उच्चारतात. त्याचा एक अर्थ विष आणि दुसरा अर्थ विवाहित! डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांतही हीच जोडी आहे. त्यावर तिकडे किती विनोद होत असतील, ते विवाहित वाचकांना सांगायला नकोच.

एकाच शब्दाची ही तीन तोंडे आली कुठून? या साऱ्या भाषा जर्मानिक कुळातल्या, म्हणजे एकमेकींच्या चुलतबहिणी. इंग्रजीतले 'गिव्ह' आणि जर्मनमधले 'गेबेन' ही देण्याची क्रियापदे एकाच मुळाची. त्याच मुळापासून 'गिफ्ट' झाला. जे दिले ते गिफ्ट, इतका साधा त्याचा अर्थ.

पण दिले काय? जुन्या इंग्रजीत 'यिफ्ट' म्हणजे वधूसाठी दिलेले मोल आणि त्याचे अनेकवचन म्हणजे चक्क लग्न. आजचा 'ग'चा कडक उच्चार इंग्रजीला मिळाला तो नवव्या शतकापासून इंग्लंडात येऊन स्थायिक झालेल्या उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून. स्वीडिशमधला 'विवाहित' हा अर्थही याच देण्याघेण्यातून आलेला. जर्मन भाषेनेही ही आठवण पुसलेली नाही. तिथे 'मिटगिफ्ट' असा शब्द आजही आहे. 'मिट' म्हणजे सोबत. मुलीसोबत दिलेले ते मिटगिफ्ट. आपण त्याला हुंडा म्हणतो.

राहिले विष. प्राचीन ग्रीक वैद्य रोग्याला द्यायच्या औषधाला 'डोसिस' म्हणत, म्हणजे 'दिलेले'. आपला 'डोस' तिथूनच आला. हा शब्द लॅटिनमार्गे युरोपभर पसरला. त्याच्याच वळणावर जर्मन लोकही औषधाच्या मात्रेला 'गिफ्ट' म्हणू लागले असावेत, असे व्युत्पत्तिकार मानतात. विषाचे नाव उघड घेण्यापेक्षा 'दिलेले' म्हणणे सोयीचे. होता होता भेट हा अर्थ मागे पडला आणि विष तेवढे उरले. १५३८ साली पॅरासेल्सस या वैद्याने लिहिले त्याचा आशय असा, की प्रत्येक पदार्थात विष आहे, ते बाधेल की नाही हे मात्रा ठरवते. या विचारात त्याने वापरलेले दोन शब्द होते 'गिफ्ट' आणि 'डोसिस'. दोन्हींचा मूळ अर्थ एकच : दिलेले.

आणि हा 'डोसिस' आपल्याही नात्यातला आहे बरे का! संस्कृतातले 'दान' आणि ग्रीक 'डोसिस' एकाच मूळ धातूची लेकरे. आपणही औषध देतो, विष देतो आणि मुलगीही 'देतो'. 'थोरलीला कुठे दिली?' हा प्रश्न आपल्या कानांना खटकतसुद्धा नाही.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२४ साली या शब्दाच्या दुहेरी अर्थावर एक छोटा निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी भेटींवरचा त्याचा प्रसिद्ध प्रबंध आला. त्यात त्याने महाभारतातल्या दानधर्माचाही विचार केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की भेट कधीच फुकट नसते. ती घेणाऱ्याला बांधून ठेवते, परतफेड मागते. ते ओझे पेलले नाही, तर तीच भेट विष होते.

हे वाचताना मला आपले लग्नमंडप आठवले. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हा ठरवले. मात्र न मागता, रिवाजाप्रमाणे आणि ऐपतीनुसार दिलेल्या भेटींना त्यात मोकळीक आहे. १९८४ च्या दुरुस्तीनुसार त्यांची यादी ठेवावी लागते. मुलीवर माया करणाऱ्या आईबापांना काही द्यावेसे वाटणे स्वाभाविकच. पण 'आमचे काही मागणे नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते तुम्ही द्या' हे वाक्य आपण किती बैठकींत ऐकले आहे! ऐकणारा बाप त्यातले मागणे बरोबर ओळखतो आणि कर्जाचा आकडा मनात मांडू लागतो.

हल्ली पुष्कळ पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असे छापलेले असते. ती सूचना पाहुण्यांसाठी असते. ती आधी बैठकीतच वरपक्षाने वधूपित्याला वाचून दाखवली, तर किती घरांचा घोर टळेल!