गच्चीवरील सौरसंच : किंमत कशी पारखावी

गच्चीवर सौरसंच बसवण्याचे ठरले, की बहुतेक कुटुंबे प्रथम विक्रेत्याकडे धाव घेतात. वास्तविक पहिली चौकशी करावी ती घरातील वीजबिलांकडे. मागील बारा महिन्यांची बिले पाहून दरमहा सरासरी किती युनिट वीज लागते, हे काढावे. एक किलोवॉटचा संच आपल्याकडील उन्हात दिवसाला साधारणतः ४, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. महिना २४० युनिट वापरणाऱ्या कुटुंबास २ किलोवॉट पुरतात.

समजा, अशा कुटुंबास २ किलोवॉटच्या संचाची किंमत १,५०,००० रुपये व ३ किलोवॉटची १,९५,००० रुपये सांगण्यात आली. वॅटमागे पहिला ७५, तर दुसरा ६५ रुपयांना पडतो. साहजिकच मोठा संच स्वस्त भासतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्यास १८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे, पुढे ते वाढत नाही. अनुदान वजा जाता हे संच अनुक्रमे ९०,००० व १,१७,००० रुपयांना पडतील. युनिटला ७ रुपये धरल्यास लहान संच महिन्याला १,६८० रुपये वाचवून सुमारे साडेचार वर्षांत आपली किंमत फेडतो. मोठ्या संचाची उरलेली वीज नेट मीटरमधून वितरण कंपनीकडे जाते खरी. परंतु वर्षअखेरीस शिल्लक युनिटांचा मोबदला बहुधा बराच कमी दराने मिळतो. जादा भरलेले २७,००० रुपये मग गच्चीवर नुसते ऊन खात बसतात.

दरपत्रक लेखीच घ्यावे. सांगाडा, तारजोडणी, अर्थिंग व नेट मीटरचे शुल्क त्यात धरले आहे की नाही, हे विचारावे. अनुदान आधीच वजा करून सांगितलेली किंमत फसवी ठरू शकते, कारण ती रक्कम संच कार्यान्वित झाल्यावर ग्राहकाच्या बँकखात्यात जमा होते. शिवाय त्यासाठी पॅनेल व त्यातील सौरघट भारतीय बनावटीचे असावे लागतात. ‘२५ वर्षांची हमी’ ही पॅनेलच्या वीजनिर्मितीची असते. इन्व्हर्टरची मुदत त्याहून पुष्कळ कमी असते.

बॅटरीचा प्रश्न वेगळा. बॅटरीविना वितरणजाळ्याशी जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच भर दुपारीही बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी तशी योजनाच असते. जेथे वीज क्वचितच जाते, तेथे बॅटरीवर खर्च करण्याचे कारण नाही.