मोहरीची वाटते, पण मोहरी नाही: पिवळी तिळवण ओळखताना

पावसाळा लागला की वसई-विरारमध्ये रेल्वे रुळांच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, वाड्यांच्या कुंपणाखाली पिवळ्या फुलांचं एक तण हमखास दिसतं. उंची गुडघा-कमरेपर्यंत, फुलाला चार पाकळ्या, वर उभ्या लांबट शेंगा. पदवीला पाठ केलेलं लगेच आठवतं: चार पाकळ्या, लांब शेंग, म्हणजे मोहरी कुळ, ब्रासिकेसी. इंग्रजीत हिला 'वाइल्ड मस्टर्ड' असंही म्हणतात, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच उरत नाही. पण ही पिवळी तिळवण, क्लिओम विस्कोसा. तिचं कुळ क्लिओमेसी. मोहरी कुळाची ती सख्खी शेजारीण, घरातली नव्हे.

आता एक फूल तोडा आणि दहापट भिंगाखाली धरा. मोहरीच्या फुलात पुंकेसर सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड. तिळवणीत ते दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त भरतात. मोहरीच्या पाकळ्या क्रुसासारख्या चार दिशांना पसरतात, तिळवणीच्या चारही एका बाजूला वर झुकलेल्या असतात. पान बघा: एका देठावर तीन ते पाच पर्णिका, हाताच्या पंजासारख्या. सगळ्या अंगावर चिकट ग्रंथीयुक्त केस, म्हणून तर नाव 'विस्कोसा'. पान चुरडलंत तर उग्र वास बोटांना बराच वेळ राहतो.

सगळ्यात खात्रीची खूण शेंगेत आहे. मोहरीची शेंग उघडली की मधोमध पातळ पडदा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बिया. तिळवणीच्या शेंगेत बिया कडेच्या चौकटीवरच लागतात, पण पडदा नसतो. ब्लेडने आडवा छेद घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण वासाचं काय? मोहरीचा तिखटपणा येतो तो ग्लुकोसिनोलेट नावाच्या संयुगांमुळे. पेशी फुटल्या की मायरोसिनेज हे विकर त्यांचं विघटन करतं. हीच रासायनिक यंत्रणा तिळवणीतही आहे आणि आपल्याकडच्या वायवर्णाच्या कुळातही, म्हणजे कॅपॅरेसीत. जमिनीलगत भिरभिरणारं नाजूक पांढरं सायकी फुलपाखरू तिळवणीवरही अंडी घालतं आणि वायवर्णावरही. त्याच्या अळ्यांना हे नातं आपल्या आधीपासून ठाऊक आहे! उत्तराखंडात याच तिळवणीच्या बिया 'जखिया' म्हणून फोडणीत पडतात.

नातं जवळचं असल्यामुळे वर्गीकरणात बराच गोंधळ झाला. थिओडोर कुक यांच्या 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'मध्ये (1901–1908) ती शोधायची असेल तर कॅपॅरिडी कुळात पाहावं लागतं. 2003 च्या एपीजी वर्गीकरणात ही तिन्ही कुळं मिळून एकच मोठं ब्रासिकेसी झालं होतं. 2009 मध्ये ती पुन्हा वेगळी केली गेली, कारण डीएनए पुराव्यानुसार क्लिओमेसी ही कॅपॅरेसीपेक्षा मोहरीला जवळची आहे. काही डेटाबेसमध्ये तर तिचं नाव आता 'अरिव्हेला विस्कोसा' असं सापडेल. तेव्हा एका पेपरात 'ब्रासिकेसी' आणि दुसऱ्यात 'कॅपॅरेसी' दिसलं तर कुणीतरी चुकलंय असं लगेच धरू नका, आधी प्रकाशनाचं वर्ष बघा.

संशोधनाच्या दृष्टीने खरा धोका मात्र कुळाच्या नावात नाही. तो तिळवणीच्या बहिणीत आहे. पांढरी तिळवण, क्लिओम गायनँड्रा (हल्ली गायनँड्रॉप्सिस), ही सी-4 प्रकाशसंश्लेषण करते. पिवळी सी-3 आहे. जनुकीय अभ्यासातली लाडकी अरॅबिडोप्सिस मोहरी कुळातली, तिचा जीनोम 2000 पासून उपलब्ध. तिच्या इतक्या जवळ सी-4 वनस्पती मिळणं ही पर्वणीच, म्हणून 2005 च्या सुमारास क्लिओमकडे सी-4 संशोधनाचं मॉडेल म्हणून पाहिलं जाऊ लागलं. आता विचार करा, तुम्ही फुलं यायच्या आधीच पानं गोळा केली, वहीत फक्त 'तिळवण' लिहिलं आणि दोन्ही एकाच पिशवीत गेली. पुढचे सगळे आकडे वाया. बाजारातून 'कानफुटी' मागवणं तर त्याहून वाईट, कारण या नावाने वेगळ्याच कुळातला कपाळफोडीचा वेलही ओळखला जातो.

फूल असेल तर फरक सोपा आहे. पांढरीचे पुंकेसर सहाच असतात (म्हणून 'सहा म्हणजे मोहरी' हेही चालत नाही), पण ते जवळपास सारख्या लांबीचे आणि पाकळ्यांच्या बऱ्याच वर, एका दांड्यावर लागलेले. बीजांडकोशालाही देठ असतो. पिवळीत असा दांडा नसतो. फूल नसेल तर पानाचा हातानेच पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा: शिरांभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं ठळक दिसलं, तर ती पांढरी.

नमुना दाबताना फुलं आणि शेंगा दोन्ही असलेली फांदी घ्या. चिकट केसांमुळे ती वर्तमानपत्राला डकते, तेव्हा मध्ये बटर पेपर घाला. फुलाचा रंग, वास, चिकटपणा आणि पुंकेसरांची संख्या शेतातच वहीत लिहा. वाळल्यावर रंग फिका पडतो, वास उडतो. नमुन्याला क्रमांक द्या, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लाटर हर्बेरियममधल्या नमुन्यांशी ताडून घ्या आणि एक प्रत मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा. तोच क्रमांक मग प्रबंधातल्या 'साहित्य आणि पद्धती'च्या पहिल्या परिच्छेदात गेला पाहिजे.