शहागडची गोदावरी आणि मोनेचा सूर्य

धुळे-सोलापूर महामार्ग अंबड तालुक्यात शहागडला गोदावरी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्हा. पावसाळा सरून पाणी संथ झालं की पुलावरून एकच नदी दोन रंगांची दिसते. पायाखाली गढूळ हिरवट, लांबवर आभाळासारखी निळी. पाणी तेच, फरक नजरेच्या कोनाचा. सरळ खाली पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम 2 टक्के प्रकाश परततो, म्हणून पाण्यातला गाळ आणि शेवाळ दिसतं. नजर पाण्याशी 10 अंशांचा कोन करते तिथे सुमारे 35 टक्के प्रकाश परततो आणि नदी आभाळ दाखवू लागते.

वाऱ्याची झुळूक आली की खरी गंमत. प्रत्येक तरंगाचा आपल्याकडे झुकलेला उतार वरचं आभाळ दाखवतो आणि पलीकडे झुकलेला उतार समोरच्या काठावरची झाडी. निळा तुकडा, काळपट हिरवा तुकडा, पुन्हा निळा. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांनी ब्रशच्या सुट्या फटकाऱ्यांनी नेमकं हेच टिपलं. तेव्हाच्या समीक्षकांना ही चित्रं अर्धवट वाटली. मला विचाराल तर एका निळ्या पट्ट्यात उरकलेली गुळगुळीत नदीच खोटी. 1841 साली जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्यामुळे तैलरंग नदीकाठी नेणं सोपं झालं होतं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाकाठी राहून निसर्गचित्रं रंगवत. त्यांचं नातं जाणकार दृक्प्रत्ययवादी शैलीशी जोडतात.

मग अशा चित्रातलं दृश्य हलल्यासारखं का वाटतं? याचं उत्तर मेंदूत आहे. मेंदूचा एक भाग रंग ओळखतो. वस्तू कुठे आहे, हलते की नाही हे दुसरा भाग ठरवतो, आणि त्याला फक्त उजेड-अंधाराचा फरक कळतो. दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोनेने 1872 च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मध्ये सीन नदीच्या मुखाशी असलेलं ल हाव्र बंदर रंगवलं. त्यातला नारिंगी सूर्य भोवतीच्या करड्या धुक्याइतकाच उजळ आहे, हे हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवलं. रंगाच्या भागाला सूर्य दिसतो, जागा ठरवणाऱ्या भागाला तो सापडत नाही, म्हणून तो थरथरतो.

पडताळा घरीच घ्या. हे चित्र मोबाइलवर उघडा, फोटो कृष्णधवल करा आणि सूर्य शोधा. तो जवळजवळ नाहीसा झालेला असेल.