चांदीला आग, चामड्याला पाणी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान म्हणून बंजारा समाजाचे ते मोठे तीर्थक्षेत्र होय. रामनवमीला तेथे यात्रा भरते. त्या गर्दीत वडीलधाऱ्या बंजारा स्त्रियांच्या अंगावर अजूनही चांदीचे जुन्या घडणीचे दागिने दिसतात. केसांत अडकवलेल्या घुगऱ्या, गळ्यातली हांसली, हातापायांतली कडी. हांसली म्हणजे गळ्यात घालावयाचे जाड चांदीचे कडे.

आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी मनगटात चामड्याचा रुंद पट्टा घालत असे. पट्ट्याची रुंदी सुमारे ४ सेंटिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर. त्यावर मधोमध रुपयाएवढी चांदीची चकती बसवली होती आणि चकतीच्या कडेला पट्टा अडकवण्याची कडी होती. ही चांदी त्याच्या आजीच्या मोडलेल्या हांसलीची होती. आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. एके दिवशी कडी चकतीपासून सुटली. तो हिरमुसला होऊन वर्गात बसला होता. मी म्हणालो, "त्यात काय एवढे? प्रयोगशाळेत बर्नर आहे. पाच मिनिटांत जोडून देतो."

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असा आत्मविश्वास असतोच! मी मनाशी विचार केला : कडी डाखाने जोडायची, म्हणजे ज्योत चकतीवर धरावी लागणार. चामडे जळू नये म्हणून त्याच्याभोवती ओले फडके गुंडाळावे. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही आणि १०० अंशांना चामडे काही पेट घेत नाही. तर्क अगदी निर्दोष वाटला.

ज्योत धरून अर्धा मिनिट झाले असेल. फडक्यातून वाफ निघू लागली आणि आतले चामडे कोणीतरी मुठीत आवळावे तसे आक्रसू लागले. मी ज्योत बाजूला केली तोवर पट्टा वाकडातिकडा होऊन वाळल्या खोबऱ्यासारखा टणक झाला होता. डाख तर वितळलाच नव्हता! विद्यार्थी काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणेच मला फार लागले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे पट्टा घेऊन बाजारपेठेत गेलो. प्रथम एका वयस्क सोनारकाकांकडे. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, कातड्याले आग दाखवाचीच नाही. आगीचं काम सारं आधी उरकून घ्याचं, मंग कातडं." तेथून आम्ही रस्त्याकडेला बसणाऱ्या चर्मकारदादांकडे गेलो. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि मान वर न करताच विचारले, "ओलं करून चटका देला काय?"

मी चकित झालो. जळले असेल असे त्यांना वाटले नाही. "ओलं करून" हे त्यांनी नुसत्या स्पर्शाने ओळखले. विद्यार्थिमित्रांनो, माझा तर्क कोठे चुकला हे समजून घ्यायचे असेल, तर चांदी आणि चामडे या दोन पदार्थांच्या आत डोकावले पाहिजे.

चांदी मऊ कशी होते?

सोनार चांदीची पट्टी ऐरणीवर ठोकू लागतो तेव्हा ती सहज पसरते. पण ठोकत राहिले की ती हळूहळू कडक होते आणि तशीच ठोकत राहिल्यास तिला चिरा पडतात. म्हणून सोनार मध्येच थांबतो, पट्टी निखाऱ्यावर किंवा ज्योतीत मंद लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात विझवतो. पट्टी पुन्हा मऊ! या क्रियेला शास्त्रीय भाषेत 'अनुशीतन' म्हणतात.

असे का होते? चांदीचे अणू स्फटिकांत ओळीने रचलेले असतात. पण ही रचना निर्दोष नसते. तिच्यात ठिकठिकाणी अणूंची एखादी ओळ अर्ध्यावरच संपलेली असते. खोलीभर पसरलेली जड सतरंजी एकदम ओढून सरकत नाही. पण तिला एका टोकाशी सुरकुती पाडली आणि ती सुरकुती ढकलत दुसऱ्या टोकापर्यंत नेली, तर सतरंजी थोडी सरकते. स्फटिकातील हे दोष अशा सुरकुत्यांसारखेच काम करतात. टेलर, ओरोवन आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी १९३४ साली स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. ठोकताना या सुरकुत्यांची संख्या वाढत जाते, त्या एकमेकींत अडकतात आणि पुढे सरकू शकत नाहीत. तीच चांदी कडक होते. उष्णता दिली की अणूंना हालचालीला वाव मिळतो, जवळजवळ निर्दोष असे नवे स्फटिक तयार होतात आणि धातू मऊ होतो.

येथे एक गंमत लक्षात घ्या. लोहाराने लाल पोलाद पाण्यात बुडवले की ते कडक होते; सोनाराने लाल चांदी पाण्यात बुडवली तर ती मऊच राहते. पोलादाची अंतर्गत रचना थंड होताना बदलते आणि झटपट थंड केल्यास ती एका कठीण रूपात अडकून पडते. चांदीत असे स्थित्यंतर नसते. चांदीला पाण्यात बुडवतात ते मुख्यतः काम लवकर पुढे जावे म्हणून.

शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना. पण ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांची मिश्रधातू दोघांच्याही आधी, ७८० अंशांच्या सुमारास वितळते. डाखाचे तत्त्व हेच. चांदी, तांबे आणि थोडे जस्त घेतले की याहूनही लवकर, ७०० अंशांच्या आसपास वितळणारा डाख मिळतो. डाख वितळून सांध्यात शिरतो, दागिना मात्र घनच राहतो. सांध्याला टाकणखार लावतात, तो धातूवरची ऑक्साइडे विरघळवून पृष्ठभाग स्वच्छ ठेवतो.

(हा प्रयोग घरी करू नका. काही डाखांत कॅडमियम असते. ते ७६७ अंशांना उकळते आणि त्याचा धूर फुप्फुसांना अत्यंत घातक असतो. कारागिरांनीही कॅडमियमरहित डाख वापरावा आणि काम मोकळ्या हवेशीर जागी करावे.)

चामडे मऊ कसे होते?

चामड्याला वाकवण्यासाठी आग लागत नाही, पाणी लागते. कापलेला पट्टा साध्या थंड पाण्यात भिजवतात, मनगटाएवढ्या लाकडी ठोकळ्यावर किंवा बाटलीवर गुंडाळतात आणि सावलीत वाळवतात. पाणी तंतूंच्या मध्ये शिरते, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वाळल्यावर नव्या जागी स्थिर होतात. पट्टा गोलाई धरून राहतो.

हे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या सुंभाच्या पिळाप्रमाणे एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मद्रास विद्यापीठात तीन साखळ्यांची कल्पना मांडली. एका पदार्थवैज्ञानिकाने कातड्याचे कोडे सोडवले, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

कच्चे कातडे तसेच ठेवले तर कुजते. म्हणून ते 'कमावतात'. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा पूर्वापार वापरतात. त्यांतील टॅनिन हे द्रव्य कोलॅजेनच्या तंतूंना जोडून ठेवते. मग जंतूंना ते सहज पचवता येत नाही. हिरडा तोंडात धरल्यावर जीभ आक्रसल्यासारखी वाटते ना? तेथेही टॅनिन लाळेतील प्रथिनांशीच संयोग पावत असते.

माझी चूक कोठे झाली?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू या. कोलॅजेनचा पीळ टिकून राहतो तो साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांमुळे. पाण्यात ठेवून तापवत गेले की एका ठरावीक तापमानाला हे बंध तुटतात, पीळ उलगडतो आणि लांब ताणलेला तंतू एकदम आखूड होतो. याला चामड्याचे 'आकुंचन तापमान' म्हणतात. न कमावलेल्या कातड्याचे ते ६० ते ६५ अंश असते. साल-हिरड्याने कमावलेल्या चामड्याचे साधारण ७५ ते ८५ अंश. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चांगले चामडे मात्र उकळत्या पाण्यातही टिकते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की तेच चामडे कोरडे असेल तर यापेक्षा बरेच जास्त तापमान सहन करते. पाणी तंतूंमध्ये शिरलेले असले की बंध लवकर तुटतात.

म्हणजे ज्या ओल्या फडक्यावर मी भिस्त ठेवली, त्यानेच घात केला! १०० अंशांची मर्यादा मी बरोबर सांगितली होती. पण ओल्या चामड्याची मर्यादा त्याहून २० अंश खाली होती, हे मला ठाऊक नव्हते.

दुसरी चूकही तितकीच मोठी होती. सर्व धातूंत चांदी ही उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. चामड्याच्या मानाने ती दोन ते तीन हजार पट अधिक उष्णता वाहून नेते. ज्योत मी चकतीच्या कडेला धरली, पण उष्णता तेथे थांबली नाही. ती चकतीभर पसरून खालच्या ओल्या फडक्यात शिरली. त्यामुळे कडेला डाख वितळण्याइतके तापमान आलेच नाही आणि चामड्यापाशी मात्र नको तेवढे आले.

वाईट याचे वाटले, की हे सारे माझ्या घरात नेहमी सांगितले जात होते. पावसात भिजलेली चप्पल चुलीपाशी वाळत घालू नये, असे आई लहानपणी बजावत असे. आकुंचन तापमानाचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात होते. चर्मकारदादांना ते हाताने ठाऊक होते. मला पुस्तके वाचूनही ठाऊक नव्हते.

थंड सांधा

पट्टा वाया गेला, पण चांदी तशीच होती. सोनारकाकांनी चकती आणि कडी वेगळी काढून स्वच्छ केली, डाखाने जोडली, चिंचेच्या पाण्यात उकळून काळेपणा घालवला. मग जंतराच्या भोकांतून ओढून चांदीची २ मिलिमीटर जाडीची तार केली आणि ती तापवून मऊ केली. इथवर आगीचे काम संपले.

चर्मकारदादांनी साल-हिरड्याने कमावलेल्या चामड्याचा नवा पट्टा रापीने कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या, थंड पाण्यात भिजवून गोलाई दिली. दुसऱ्या दिवशी पट्टा पूर्ण वाळल्यावर त्याला आरीने भोके पाडली. भोकांतून आणि चकतीतून तारेचे तुकडे घातले, मागे चांदीच्या लहान चकत्या बसवल्या आणि तारेची टोके हलक्या हातोडीने ठोकून पसरवली. झाली रिव्हेट! आगीचा स्पर्श नाही.

या रिव्हेटमध्ये वरचा धडा पुन्हा भेटतो. तार मऊ केलेली असल्यामुळे तिचे टोक न चिरता पसरते आणि ठोकल्यामुळेच ते कडक होऊन घट्ट बसते. लोखंडाची रिव्हेट का नाही? लोखंड आणि टॅनिन यांच्या संयोगाने काळे द्रव्य तयार होते. जुन्या काळी त्याचीच शाई करीत. घामाने भिजलेल्या पट्ट्यावर लोखंडाभोवती काळे डाग पडले असते.

चर्मकारदादांनी मजुरी सांगितली, ती फारच थोडी होती. मी जास्त दिली तेव्हा ते म्हणाले, "सर, पैसे राहू द्या. पोराईले सांगा, हेबी शिक्षणच होय." मी तो निरोप येथे पोचवीत आहे.

करून पाहा

१. चप्पल दुरुस्त करणाऱ्यांकडून साल-हिरड्याने कमावलेल्या चामड्याची एक कातरण आणि क्रोमियमने कमावलेल्या मऊ चामड्याची एक कातरण मागून आणा. ५ सेंटिमीटर लांबीच्या अरुंद पट्ट्या कापून तासभर पाण्यात भिजवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात पट्ट्या आणि तापमापक सोडा व सावकाश तापवा. दर ५ अंशांना पट्ट्यांची लांबी पाहा. कोणती पट्टी किती अंशांना आक्रसते?

२. विजेच्या तुटक्या वायरमधील तांब्याची जाड तार घ्या. ती पुनःपुन्हा वाकवून कडक होते का पाहा. मग चिमट्यात धरून ज्योतीत लाल करा, पाण्यात बुडवा आणि पुन्हा वाकवा. काय फरक जाणवला?

३. हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सकाळी पाण्याचा रंग पाहा.

पहिल्या प्रयोगासाठी आमच्या प्रयोगशाळेत वेगळे चामडे आणावे लागले नाही. नवा पट्टा कापताना उरलेल्या तुकड्यावर त्या विद्यार्थ्यानेच तो केला. त्याला उत्तर मिळाले ७८ अंश. ते त्याने आपल्या वहीत लिहिले आणि खाली माझी सही घेतली. तेव्हा त्याच्या मनगटावर आजीची चांदी होती.