कागद खरा, पण तो सांगतो काय?

कोथरूड, औंध, बाणेर, सहकारनगर अशा भागांतल्या स्वतंत्र बंगल्याची जाहिरात वाचली की ‘क्लिअर टायटल’ हे दोन शब्द हमखास सापडतात. पाच हजार चौरस फुटांचा प्लॉट, चार बेडरूम, पुढे बाग, मागे बोअर, आणि शेवटी हे शब्द. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी सरकारी अधिकाऱ्याने मालकी तपासून शिक्का मारला असणार. असा शिक्का मारणारं कार्यालय महाराष्ट्रात नाही. काही देशांत जमिनीच्या नोंदवहीत नाव लागलं की सरकारच मालकीची हमी घेतं. आपल्याकडे नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध पुरावा समोर येईपर्यंतच. त्यामुळे फाइलमधला एकेक कागद अस्सल असूनही व्यवहार फसू शकतो. प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्मलेला असतो आणि आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो. बंगल्याच्या खरेदीतले बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

सगळ्यांत घट्ट रुजलेला समज म्हणजे ‘एकदा रजिस्ट्रेशन झालं की विषय संपला’. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये आणि त्यावरच्या स्थावर मिळकतीचं खरेदीखत नोंदवावंच लागतं, हे खरं. पण दुय्यम निबंधक पाहतो काय? लिहून देणारा समोर हजर आहे का, त्याची ओळख पटली का, त्याने सही कबूल केली का, मुद्रांक शुल्क भरलं आहे का. लिहून देणारा खरोखर मालक आहे का, ही चौकशी त्याच्या कामातच येत नाही. विकणाऱ्याने आपल्या मालकीचा मूळ दस्त दाखवला नाही तर नोंदणी नाकारावी, असा नियम तमिळनाडूने केला होता. एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मूळ कायदा निबंधकाला मालकी तपासण्याचा अधिकार देतच नाही. मग नोंदणी करायची कशाला, असं कुणी विचारेल. नोंदवलेला दस्त सगळ्यांना ठाऊक आहे असं कायदा धरून चालतो, म्हणून नंतर येणाऱ्या खरेदीदाराला ‘मला कल्पना नव्हती’ म्हणता येत नाही. व्यवहार उजेडात येतो, एवढं मोठं काम ती करते. विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हताच, तो मात्र नोंदणीने पैदा होत नाही. याच कारणाने नुसत्या साठेखतावर आणि कुलमुखत्यारपत्रावर घेतलेला बंगला आपला होत नाही. २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं, तरी ‘खरेदीखत नंतर करू, तोवर पॉवर देतो’ हे वाक्य बाजारातून गेलेलं नाही.

दुसरा मान सातबाऱ्याला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. मात्र हा अभिलेख महसुलासाठी ठेवलेला आहे आणि फेरफाराने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून सातबारा निरुपयोगी, असा उलटा निष्कर्ष कुणी काढू नये. तो वाचायचा असतो, नुसता फाइलला लावायचा नसतो. बाणेर-बालेवाडीची जमीन तीन-चार दशकांपूर्वी शेतीचीच होती. तिथला जुना उतारा हातात घेतला तर भोगवटादाराच्या रकान्यात कंस केलेली नावं दिसतात. त्या नावांचे हक्क पुढे गेल्याची ती खूण. प्रत्येक नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो आणि उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, नाहीतर ‘कुळकायदा कलम ४३ ला अधीन’ असा त्रोटक शेरा. खरी गोष्ट त्या रकान्यात आणि त्या क्रमांकांच्या फेरफारांत लिहिलेली असते. घेणारा मात्र वरचं नाव जुळलं की उतारा मिटतो. भूधारणेच्या जागी ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी किंवा वर्ग १ मध्ये रूपांतर झाल्याशिवाय विक्री बिनधोक होत नाही. नगर भूमापन झालेल्या भागात याच कामाला मिळकत पत्रिका असते. तिच्यावरचं क्षेत्र, खरेदीखतातलं क्षेत्र आणि कुंपणाच्या आतलं क्षेत्र ही तीन वेगवेगळी निघणं अजिबात दुर्मीळ नाही. तिन्हींचा मेळ फक्त सरकारी मोजणी घालू शकते.

घरपट्टीच्या पावतीबद्दलचा समज तर गमतीदार म्हणावा असा आहे. ‘महापालिका टॅक्स घेते म्हणजे बांधकाम अधिकृत’ असं भले शिकलेले लोक बोलतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६७-अ सांगतं की बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लावावी, आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये. म्हणजे पट्टीची पावती बारकाईने पाहिली तर तीच कधी कधी बांधकाम अनधिकृत असल्याचा पुरावा निघते. जी गावं १९९७ नंतर, २०१७ मध्ये किंवा २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तिथे याला आणखी एक पदर आहे. विक्रेता ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतो आणि तोच बांधकाम परवाना म्हणून खपतो. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. गावठाणाबाहेर बांधकामाला मंजुरी देणं सामान्यतः ग्रामपंचायतीच्या हातात नव्हतं, ती जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागे. बांधकामाच्या प्रश्नाला उत्तर देणारे कागद दोनच: मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र. तो नकाशा घेऊन बंगल्याभोवती एक फेरी मारली की बाजूच्या मोकळ्या जागेवर चढवलेला पत्रा, गच्चीवर बांधलेली खोली, पार्किंगमध्ये काढलेलं भाड्याचं ऑफिस आपोआप डोळ्यांत भरतं. यावर नेहमीचं उत्तर, ‘तीस वर्षं कुणी विचारलं नाही’. डिसेंबर २०२४ मध्ये मेरठमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की काळ लोटला, पैसा ओतला किंवा अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. आणि विचारणा होते ती बहुधा मालक बदलल्यावर, शेजाऱ्याशी कुंपणावरून वाजलं की.

बंगला स्वतंत्र म्हणजे जमीनही स्वतंत्र मालकीची, हेही गृहीत धरू नये. पुण्याच्या जुन्या बंगला कॉलन्यांपैकी बऱ्याच सहकारी गृहरचना संस्थांनी वसवल्या. सहकारी संस्था नियम, १९६१ मध्ये अशा संस्थांचे प्रकार दिले आहेत. एका प्रकारात जमीन संस्थेकडे आणि घर सभासदाचं. दुसऱ्यात जमीन आणि घर दोन्ही संस्थेचं, सभासदाला फक्त वाटप. पहिल्या प्रकारात आपण विकत घेतो ते घर आणि जमिनीवरचा भाडेपट्ट्याचा हक्क. त्या पट्ट्याची मुदत, प्लॉटचे तुकडे करण्यावरची बंदी, निवासाव्यतिरिक्त वापराला मनाई, हे सगळं पट्ट्याच्या दस्तात आणि उपविधींत असतं, जाहिरातीत नसतं.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र जमिनीचा किंवा विटांचा नाही, माणसांचा आहे. या कॉलन्यांतले बंगले बहुतेक वेळा वडिलांनी नोकरीत असताना, स्वतःच्या कमाईतून बांधलेले. वडील मृत्युपत्र न करता गेले आणि विकायला पुढे आले दोन भाऊ. ‘बहिणींची लग्नं झाली, त्यांचं काही म्हणणं नाही’ असं सांगितलं जातं. शिवाय मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. २००५ ची दुरुस्ती आणि तिच्यावरचा विनीता शर्मा प्रकरणातला २०२० चा निकाल वडिलार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हिश्शाबद्दल आहेत. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना सारखा वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच दिलेला आहे. लग्नाने तो जात नाही, तोंडी नकाराने जात नाही, आणि लग्नात केलेल्या खर्चानेही फिटत नाही. तो सोडायचा तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं; नाहीतर बहिणींनी खरेदीखतावर विक्रेत्या म्हणून सही करावी. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून एकाच मुलाचं नाव असतं तेव्हा घोळ वाढतो. नॉमिनेशनमुळे संस्थेला कुणाशी व्यवहार करायचा ते कळतं, वारसा ठरत नाही.

यातला एक वारस अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असणं ही आज पुण्याच्या मध्यमवर्गीय घराची सर्वसाधारण स्थिती आहे. त्याने तिकडून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. त्याहून जास्त अडकतात ते कराच्या कपातीत. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण तो नियम निवासी विक्रेत्यापुरता आहे. अनिवासी वारसाच्या हिश्शावर कपातीचा दर बराच चढा असतो, आणि ती कमी झाली तर आयकर खातं प्रथम खरेदीदाराचा दरवाजा ठोठावतं.

‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे वकिलांनी सगळं पाहिलं’ हा दिलासाही अर्धाच खरा. बँकेचे पॅनेलवरचे वकील साधारण ३० वर्षांचा शोध घेतात आणि तो उपयोगी असतो. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवण्याच्या दाव्याला ३० वर्षं दिली आहेत, ती त्यामागची एक पार्श्वभूमी. पण बँकेला तिचं कर्ज वसूल होण्याशी मतलब. ते तारणावर, तुमच्या पगारावर आणि जामीनदारावर मिळून दिलेलं असतं. बहिणीने दावा लावला तरी हप्ता चालूच राहतो. जाहीर नोटिशीचंही तसंच. वर्तमानपत्रात चौदा दिवसांची नोटीस दिली, हरकत आली नाही, तर सगळे हक्क बुडाले असं कुठलाही कायदा म्हणत नाही. प्रामाणिकपणे चौकशी केल्याचा तो एक पुरावा, इतकंच. आणि रेरा? महारेरा २०१७ पासून आहे, पण ते प्रवर्तकाच्या प्रकल्पांसाठी. एका माणसाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या बंगल्याची तक्रार तिथे चालत नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. ‘घर जुनं असलं तरी जमीन सोन्याची, उद्या पाडून इमारत उभी करू’ या हिशोबावर पुष्कळ जण ज्यादा पैसे मोजतात. तिथे प्लॉटइतकाच समोरचा रस्ता मोजावा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम भरूनही काही वाढत नाही आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) सुद्धा चढवता येत नाही. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर हे दोन्ही मिळून निर्देशांक २ पर्यंत जातो. अनुषंगिक क्षेत्र बाजूला ठेवलं तर ५०० चौरस मीटरच्या दोन जुळ्या प्लॉटांपैकी एकावर ५५० आणि दुसऱ्यावर १,००० चौरस मीटर बांधकाम बसतं. जुन्या कॉलन्यांचे आतले रस्ते बऱ्याचदा सहा मीटरचे असतात. शांत गल्ली म्हणून ज्याचं कौतुक होतं, तेच पुनर्विकासात आडवं येतं. दुसरीकडे, रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव असं समजून कुणी त्याच्या खाली सौदा पटवला तर मुद्रांक मूल्य व्यवहाराच्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त असल्यास त्या फरकावर विकणारा आणि घेणारा दोघांनाही आयकर लागू शकतो.

इतकं बघत बसलं तर घर होणारच नाही, चांगला बंगला दुसरा कुणीतरी घेऊन जाईल, हा आक्षेप खोटा नाही. वस्तीतला चांगला बंगला खरंच लवकर उठतो. पण तपासणी आणि घाई एकत्र बसवता येतात, फक्त क्रम बदलावा लागतो. विसार आधी आणि वकील नंतर, ही रूढ पद्धत उलटी आहे. विसाराची रक्कम लहान ठेवून साठेखतातच लिहून घ्यावं की बहिणींचं हक्कसोडपत्र, संस्थेचं संमतीपत्र, मोजणीचा नकाशा आणि मूळ खरेदीखत अमुक तारखेपर्यंत विक्रेत्याने आणायचं. एकेक अट पुरी होईल तसा पुढचा हप्ता, आणि अट पुरी न झाल्यास विसार परत. मूळ खरेदीखत ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर ते कुठल्या बँकेत तारण पडलं आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कागद ठेवूनही गहाण होतं. भोगवटा पत्र नसलेल्या बंगल्यालाही गिऱ्हाईक मिळतं आणि तो घेण्यात गैर काही नाही. त्याची बोली मात्र जमिनीच्या भावाने करावी आणि अनधिकृत भाग पाडायचा खर्च त्यातून वजा करावा.