परगावचा स्वयंपाक : लग्नाच्या जेवणाचा ठेका घेण्यापूर्वी



ऊस नोंदीसाठी गटागटातून फिरताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. "साहेब, पोराला केटरिंगचा धंदा टाकून द्यावा म्हणतो. उसाच्या बिलातून भांडी घेतली तर कसं?" वाटण्या होऊन जमिनी एकर-दोन एकरांवर आल्या, नोकरी मिळत नाही, आणि पंगती तर दर साल उठतातच. तेव्हा प्रश्न रास्त आहे. उसाचे बिल म्हणजे वर्ष-दीड वर्षाचा घाम. तो कढईत घालण्यापूर्वी या धंद्याची माहिती सभासदांना असावी, यास्तव आम्ही हा लेख देत आहोत.

धंद्याचे स्वरूप

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर रोज चालतो. तेथे चूल, पाणी, भांडी जागच्या जागी आहेत. केटररचे तसे नाही. आज निलंग्याला, परवा कंधारला. दर वेळी अख्खे स्वयंपाकघर टेम्पोत भरून न्यायचे. झारा विसरला तर परगावी झारा कोण देणार? म्हणून जाणते आचारी सामानाची यादी लिहून ठेवतात, आणि निघताना व परतताना मोजदाद करतात.

कामाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत किराणा यजमानाचा, मेहनत आचाऱ्याची. यात नफा थोडा, पण बुडण्याची भीतीही थोडी. दुसरीत ताटाचा भाव ठरवून सगळाच ठेका घ्यायचा. पैसा दिसतो तो यात, आणि माणूस बसतो तोही यातच. नवख्याने पहिली दोन वर्षे पहिल्या तऱ्हेनेच काढावीत, असे आमचे मत आहे.

हंगाम

आपल्या गाळपासारखाच याला हंगाम आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की भट्टी थंड. मध्ये पौषही रिकामाच जातो. २०२३ साली अधिक श्रावण आला, तेव्हा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. भांड्यांसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र अधिक महिना पाळत नाही. शिवाय दाट तिथीला एकाच दिवशी चार गावची सुपारी येते आणि वाढपी मिळत नाहीत. तोडणी मुकादमाला आपण उचल देतो, तशी वाढप्यांच्या म्होरक्यालाही द्यावी लागते. तो ऐनवेळी दुसरीकडे गेला तर पंगत कोण वाढणार?

टाळेबंदीचे दिवसही विसरू नयेत. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसे आणि २ तास एवढीच मुभा होती. ज्यांचे पोट एकट्या कढईवर होते त्यांचे हाल झाले. म्हणून शेती सोडून हा धंदा नव्हे. शेतीला जोड म्हणून.

ताटाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे मानीव आहेत. आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडावेत. समजा, ५०० ताटे १२० रुपयांप्रमाणे ठरली. येणे ६०,००० रुपये. खर्च असा :

किराणा, भाजी, तेल (ताटाला ५५) – २७,५००
गॅस, ३ टाक्या – ५,४००
आचारी व मदतनीस – ९,०००
वाढपी, १० जण – ५,०००
टेम्पो – ३,५००
भांड्यांचे भाडे वा झीज – २,५००
एकूण – ५२,९००

उरले ७,१००. आता ६० माणसे जास्त जेवली आणि यजमान म्हणाला, "जाऊ द्या हो, घरचीच होती," तर ३,३०० रुपयांचे अन्न फुकट गेले, उरले ३,८००. उलट पाऊस आला, ४०० च जेवले आणि तेवढ्याचेच पैसे दिले, तर ४८,००० हाती येतात. स्वयंपाक ५०० चा झालेला असतो. म्हणजे ४,९०० रुपये घरचे गेले!

यावर उपाय कागद. कमीत कमी किती ताटांचे पैसे मिळणार, वरच्या ताटाचा भाव काय, ताटे मोजणार कोण, हे आधी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाहुण्या-रावळ्यांतले काम असले तर कागद आधी करावा, कारण तेथेच बोलायची चोरी होते. निम्मी रक्कम किराणा भरण्यापूर्वी आणि उरलेली वरात निघण्यापूर्वी घ्यावी. उसाच्या रकमेला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत घातली. ताटाच्या पैशाला असा कोणताच आदेश नाही.

अन्न आणि पाणी

पैसा बुडाला तर पुन्हा मिळवता येतो. या धंद्यातली खरी जोखीम दुसरीच आहे. मे २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील केदारपूर येथे लग्नाच्या जेवणानंतर तीनशेहून अधिक माणसांना विषबाधा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली.

तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, हे आपणांस ठाऊक आहे. शिजवलेले अन्नही तसेच, फक्त त्याची घडी फार लवकर भरते. ५ ते ६० अंश उष्णतेत जंतू वाढतात, आणि आपल्याकडे वैशाखात मांडवाखालीच चाळिशी गाठते. भातातील काही जंतूंचे बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट राहिला की ते विष तयार करते, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून पहाटे भात शिजवून दुपारी तीनला वाढू नये. मुहूर्त लांबणारच, हे धरून तांदूळ दोन-तीन घाण्यांत टाकावा. उरलेला भात सायंकाळच्या पंगतीला चालवू नये. खवा, दही, मठ्ठा थंडच ठेवावा. हाताला जखम वा पोट बिघडलेला माणूस वाढायला घेऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

पाणी ठेक्यातच धरावे. माणशी १० लिटर धरले तरी ५०० माणसांना ५,००० लिटर, म्हणजे एक टँकर लागतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा "पाणी गावात मिळेल" या भरवशावर सुपारी घेऊ नये. टँकरच्या पाण्यात क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास थांबावे, मगच वापरावे.

कागदपत्रे व इतर

अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे केटररला परवाना लागतो. चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करावी. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणे गुन्हा आहे. १९ किलोची व्यापारी टाकीच घ्यावी. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी चालतात. उसाच्या बगॅसपासून केलेली ताटेही बाजारात मिळतात. आपल्याच उसाच्या चोथ्यावर आपलीच पंगत बसली तर वाईट काय?

शेवटी एवढेच सुचवितो. पोराने आधी एक हंगाम जाणत्या आचाऱ्याच्या हाताखाली काढावा. रात्री दोनला भट्टी पेटवावी, खरकटी भांडी घासावीत. त्यानंतरही त्याची हौस टिकली तर भाड्याच्या भांड्यांवर दहा कामे करावीत. त्या दहा कामांच्या वहीत शिल्लक दिसली, तरच उसाच्या बिलाला हात लावावा. तोपर्यंत त्या पैशावर पहिला हक्क पुढच्या लागणीच्या बेण्याचा आणि खताचा आहे.